क्लच गेला म्हणण्याआधी

“मॅडम, गाडीचा क्लच गेला वाटतं.”

माझ्याकडं गाडी शिकून गेलेल्या कुणा ना कुणाचा असा फोन अधूनमधून येतच असतो. मी पहिला प्रश्न एकच विचारते, “पेडल पायाला कसं लागतंय? कडक झालंय, ढिलं लागतंय, का दाबलं की खालीच राहतंय?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “ते काय नीट बघितलं नाही, पण गिअर पडत नाहीये.” आणि तोवर कुणीतरी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअर बॉक्स उतरवायची मजुरी असा सगळा हिशोब कागदावर मांडून दिलेला असतो.

कधी कधी तो हिशोब बरोबर असतो. पण पुष्कळदा प्लेट ठणठणीत असते आणि दुखणं असतं तेलाचं. कुठलं तरी तेल कमी झालेलं, जुनं झालेलं, नाहीतर भलतंच भरलेलं. हे ओळखायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. मी साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते, शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका आणि मुलीच असतात, आणि माझं ठाम मत आहे की एवढी ओळख लायसन्सच्या आधी व्हायला हवी. ट्रॅकवर आठचा आकडा काढता येतो, पण बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखव म्हटलं की हात थांबतो. मग गॅरेजमध्ये कुणी काहीही सांगितलं तरी मान डोलवण्याशिवाय पर्याय उरत नाही. हे मला फार लागतं. चांगली हुशार, घर-नोकरी सांभाळणारी बाई तिथं गप्प का व्हावी?

शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. आमच्या गाडीत दोन्हीकडची पेडलं सळईनं जोडलेली आहेत, त्यामुळं शिकणारीनं क्लच दाबला की माझ्या पायाखालचं पेडलही खाली जातं. तिचा पाय कुठं घाबरतो, कुठं अर्धवट अडकतो, हे मला तिच्याकडं न बघता कळतं. आणि रोज एकच पेडल पायाखाली असल्यामुळं त्यात पडलेला थोडासा फरकही कळतो. गाडीच्या मालकिणीला तर तो आधी कळायला हवा.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगते. इंजिनाला फ्लायव्हील, म्हणजे एक जड चकती, जोडलेलं असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा स्प्रिंगच्या जोरानं प्लेट घट्ट दाबलेली असते आणि इंजिनाची सगळी ताकद गिअर बॉक्सकडं जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं सरकून त्या स्प्रिंगवर दाब देतं, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे झिजणारी गोष्ट प्लेट, आणि ती झिजते घसरताना. पूर्ण दाबलेली असताना नाही, पूर्ण सोडलेली असतानाही नाही. मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो.

हाफ क्लचचा छळ बघायचा असेल तर कासला फुलं असताना रविवारी यवतेश्वरचा घाट चढून बघा. सप्टेंबरात गाड्यांची रांग लागते, पुढची गाडी दोन हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. अर्ध्या गाड्या ब्रेकवर नसतातच. क्लच अर्धा सोडून आणि थोडी रेस देऊन चढावर तशाच तोलून धरलेल्या असतात. थोड्याच वेळात नाकात जाणारा, घशाला चरचरणारा जळका वास येतो. ते प्लेटचं अस्तर तापून जळत असतं. एका चढावर असं बराच वेळ केलं तर चांगल्या प्लेटचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात. म्हणून मी पहिल्या आठवड्यातच हँडब्रेक लावून चढावर गाडी उचलायला शिकवते. गाडी थांबली की हँडब्रेक, न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. निघायचं झालं की पहिला गिअर, क्लच हळू सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं गेलं की हँडब्रेक सोडायचा. एकदा सवय झाली की साताऱ्यातला कुठलाही चढ पोरींना अवघड वाटत नाही.

आणि गाडी चालू असताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही. नुसता पायाचा भार पडला तरी रिलीज बेअरिंग फिरत राहतं आणि प्लेटवरचा दाब कमी होतो.

प्लेट खरंच संपलीय का हे बघायची सोपी रीत आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी ४० च्या आसपास असताना चौथा गिअर टाका आणि रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या मानानं वाढलाच नाही, तर प्लेट घसरतेय. अशा वेळी पेडलही आधीपेक्षा कडक लागतं आणि क्लच फार वर, पाय जवळजवळ सुटल्यावर धरतो. ही सगळी लक्षणं एकत्र दिसली तर क्लचचा सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, बदलायची तयारी ठेवा.

पण फोनवरची तक्रार काय होती? गिअर पडत नाहीये. हे लक्षण उलटं आहे. इथं प्लेट घसरत नाहीये, ती सुटतच नाहीये. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाकून बघा. खर्रर्र आवाज आला तर दाबूनही प्लेट पूर्ण मोकळी होत नाही असं समजा. आता पेडल भराभर दोन-तीनदा मारा आणि पुन्हा बघा. पंप मारल्यावर गिअर अलगद पडला, तर प्लेटला दोष देऊ नका. दोष पेडल आणि बेअरिंगच्या मधल्या रस्त्यात आहे.

तो रस्ता दोन प्रकारचा असतो. जुनी मारुती ८००, अल्टो अशा छोट्या गाड्यांना क्लचची केबल असते. तिथं तेलाचा प्रश्नच नाही. केबल ताणते, आतले तार एकेक तुटत जातात, किंवा पेडलचा फ्रीप्ले बिघडतो. फ्रीप्ले म्हणजे पेडल दाबायला लागल्यावर सुरुवातीला जे मोकळं खाली जातं ते. बऱ्याच गाड्यांत १० ते २० मिलिमीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. केबलच्या गाडीत प्लेट झिजत गेली की हे मोकळं अंतर कमी होत जातं आणि नट फिरवून जुळवून घ्यावं लागतं. काही मिनिटांचं काम.

दुसऱ्या प्रकारात केबलच्या जागी तेल असतं. पेडलला जोडलेला वरचा मास्टर सिलिंडर, गिअर बॉक्सपाशी खालचा स्लेव्ह सिलिंडर, मध्ये बारीक पाइप. पेडल दाबलं की तेल पुढं ढकललं जातं आणि खालचा पिस्टन बेअरिंग सरकवतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोचतो. हवा मात्र दाबली जाते. पाइपात हवेचा बुडबुडा शिरला की पाय खाली जातो, पण जोर बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो, खालचा पिस्टन अर्धवटच सरकतो आणि प्लेट सुटत नाही. पेडल ढिलं लागतं ते यामुळं.

हे तेल म्हणजे ब्रेकचंच तेल, डॉट ३ नाहीतर डॉट ४. कुठलं हवं ते डबीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला मिळून एकच डबी असते, आणि ती बनवणाऱ्यानं एक फार शहाणपणाची गोष्ट करून ठेवलीय. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भिंतीपाशी ती पांढुरकी, अर्धपारदर्शक डबी दिसते. तिच्या खालून ब्रेकचा सिलिंडर, आणि बाजूच्या एका नळीवरून एक काळा रबरी पाइप निघून क्लचकडं जातो. ती नळी नीट बघा, ती तळाशी नसते, थोडी वर असते. क्लचच्या बाजूला गळती लागली तर तेल त्या नळीपर्यंत उतरतं आणि क्लच आधी जवाब देतो. ब्रेकच्या वाट्याचं तेल खाली शिल्लक राहतं. म्हणजे अशा गाडीत क्लच अचानक ढिला पडला तर तो फक्त गिअरचा त्रास नाही, डबीत तेल कमी झाल्याचा तो इशारा आहे. तो कानाआड करून पसरणीचा घाट उतरायला निघू नये.

वाईची माझी एक विद्यार्थिनी, पन्नाशीच्या पुढची, पाचगणीला लेकीकडं जायचं म्हणून जिद्दीनं गाडी शिकलेली. एका सकाळी तिला पहिला गिअर टाकताना अडखळल्यासारखं वाटलं. तिनं पेडल पंप मारून बघितलं, गिअर पडला. बॉनेट उघडलं तर तेल डबीवरच्या ‘मिन’ म्हणजे किमान पातळीच्या खुणेखाली. मग मी शिकवल्याप्रमाणं तिनं ड्रायव्हरच्या बाजूला खाली वाकून, क्लच पेडलची दांडी जिथं भिंतीत शिरते तिथं बोट फिरवलं. बोट ओलं आलं, खालची मॅटही चिकट झालेली. वरचा सिलिंडर गळत होता. घाट न चढता ती सरळ मिस्त्रीकडं गेली आणि म्हणाली, “दादा, प्लेटला हात लावू नका, मास्टर सिलिंडर बघा.” मिस्त्रीनं बघितलं, तिचं खरं निघालं. तिचा फोन आला तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

वर कोरडं असेल तर खाली बघायचं. स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल तर त्याच्या टोकावरचं रबरी आवरण (बूट) उचललं की गळती दिसते. काही गाड्यांत मात्र तो गिअर बॉक्सच्या आतच, बेअरिंगसकट बसवलेला असतो. तिथं गळती बाहेरून दिसत नाही, इंजिन आणि गिअर बॉक्सच्या सांध्याखाली थेंब पडतात. तो बदलायला गिअर बॉक्स उतरवावाच लागतो, आणि मग त्याच मजुरीत प्लेटची अवस्थाही तपासून घ्यावी.

दुरुस्तीनंतर पाइपातली हवा काढावी लागते. हे काम दोघांचं. आमच्या गाडीला केलं तेव्हा मिस्त्री खाली आणि मी पेडलवर. खालच्या सिलिंडरवर हवा काढायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत तेलात बुडवलेलं. तो म्हणतो, “ताई, मारा,” मी तीन-चारदा पेडल मारते. “धरा.” मी दाबून धरते. तो निपल अर्धा फेरा उघडतो, नळीतून बुडबुडे पळतात, पायाखालचं पेडल बसत जातं. निपल बंद. “सोडा.” पुन्हा तेच. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मध्येमध्ये वरच्या डबीत तेल घालत राहायचं, कारण डबी रिकामी झाली की वरून नवी हवा शिरते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी आधी निघालेलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, शेवटी शेवटी फिकट पिवळसर, स्वच्छ येऊ लागलं. पेडल आधी आणि नंतर, हा फरक ज्या पायानं अनुभवला तो विसरत नाही.

तेल काळपट का होतं? एक तर आतल्या रबराचा झिजून निघालेला गाळ. आणि दुसरं कारण आपल्या भागात जास्त महत्त्वाचं: हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. झाकणातून, रबरी पाइपांतून, हळूहळू. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मेढा-पाचगणी पट्ट्यात गाड्या पावसाळाभर दमट हवेत उभ्या असतात. नवं डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ तर २३० पर्यंत. त्यातच साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच हमी अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. पसरणीचा किंवा केळघरचा घाट उतरताना कुणी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली, तर ब्रेक एवढे तापतात की जुनं तेल उकळू शकतं. वाफ झाली म्हणजे पुन्हा हवेचाच बुडबुडा, या वेळी ब्रेकच्या पाइपात. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, क्लचवरून पाय काढा, आणि हे तेल साधारण दोन वर्षांनी बदला. कितीही कमी चालवली असली तरी, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही.

त्या डबीत दुसरं कुठलंही तेल जाता कामा नये. इंजिन ऑइल नाही, पॉवर स्टीअरिंगचं नाही. खनिज तेल आत गेलं की सिलिंडरमधली रबरं फुगतात आणि ब्रेक-क्लचचे सगळे सिलिंडर, पाइप बदलायची वेळ येते. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं तेलही मिळतं, आकडा मोठा म्हणून ते चांगलं असं समजून डॉट ३-४ च्या डबीत ओतू नका. फोडलेला डबा महिनोन् महिने ठेवून वापरू नका. आणि ओतताना बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग निघतो.

आता गिअर ऑइल. याची गाडीत कुणालाच आठवण नसते, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला ना डिपस्टिक, ना डॅशबोर्डवर दिवा. आवाजावरून मात्र बरंच कळतं. गाडी न्यूट्रलला चालू आहे, पाय क्लचवर नाही, आणि घरघर ऐकू येते. क्लच दाबला की ती थांबते. हा आवाज गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त, आणि पहिली शंका तेल कमी असण्याची. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दोन्हीला सर्रास “क्लचचा आवाज” म्हणतात, पण एकाला तेल बघावं लागतं, दुसऱ्याला सेट.

डिसेंबरात पहाटे गाडी काढली की दुसरा गिअर जड पडतो. गार तेल घट्ट असतं, दोन-तीन किलोमीटरवर ते मोकळं झालं की गिअरही मोकळा. ही खोड नव्हे. गरम झाल्यावरही गिअर करकरत असेल तर मात्र चौकशी करा, आणि पहिली चौकशी ही की शेवटचं तेल कुणी, कुठलं भरलं होतं. गिअर ऑइलच्या डब्यावर ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० असा जाडीचा आकडा असतो, आणि शेजारी जीएल-४ किंवा जीएल-५. लोक पहिला बघतात, दुसरा सोडतात. गिअर बदलताना गिअर बॉक्समधल्या फिरत्या भागांचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग पुष्कळ गाड्यांत पितळेची असते. जीएल-५ तेल डिफरन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या, प्रचंड दाबासाठी बनवलेलं, त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त, आणि त्यातली बरीच तेलं पितळेला खातात. शिवाय रिंगला पकडायला थोडं घर्षण लागतं, ते या तेलात कमी पडतं. आमच्या एका गाडीत एका ठिकाणी “हेच जाड चांगलं” म्हणून डिफरन्शियलचं तेल भरून दिलं आणि तिसरा गिअर करकरायला लागला. ते काढून पुस्तकात लिहिलेलं जीएल-४ भरल्यावर आवाज गेला. नशीब लवकर लक्षात आलं. पुस्तकात जे लिहिलंय तेच, दुकानदाराच्या फळीवर जे आहे ते नव्हे, हे मी हट्टानं सांगते.

तेल बघायचं तर गाडी रॅम्पवर सपाट उभी हवी. गिअर बॉक्सच्या बाजूला भरायचा बोल्ट असतो. तो उघडल्यावर करंगळी घालून बघा, बऱ्याच गाड्यांत तेल भोकाच्या कडेपर्यंत हवं. बदलणार असाल तर मिस्त्रीला सांगा, आधी वरचा भरायचा बोल्ट ढिला कर, मगच खालचा काढ. खालून सगळं तेल सोडून दिलं आणि वरचा गंजलेला बोल्ट निघालाच नाही, तर गाडी तिथंच अडकते. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर चिकटलेली राखाडी, मऊ पूड बघून घाबरू नका, ती नेहमीच्या झिजेची. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर घाबरायला हरकत नाही.

आणि प्लेट बदलायची वेळ खरंच आलीच, तर गिअर बॉक्स खाली असतानाच दोन्ही ऑइल सील बघून घ्या, इंजिनाकडचं आणि गिअर बॉक्सकडचं. यातलं एखादं गळत असेल तर तेल थेट प्लेटवर उडतं, नवी प्लेटही घसरते, नाहीतर गाडी सोडताना गचके देते. सील प्लेटच्या मानानं स्वस्त असतं. महाग असते ती गिअर बॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी.

मोटारसायकलचं गणित वेगळं आहे, पण घरोघरी दोन्ही गाड्या असतात म्हणून सांगते. स्प्लेंडरसारख्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. तिथं कारचं उरलेलं इंजिन ऑइल ओतू नका. कारच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं ओला क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो (दुचाकीच्या तेलाचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी लिहिलेलं तेल चालतं, पण तेच डबं उचलून नवऱ्याच्या मोटारसायकलीत ओतलं की तो म्हणणार, क्लच गेला.